टॅपेट कव्हर बसवणे

इंजिनाच्या हेडवर, म्हणजे सिलिंडरांवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागावर, सगळ्यात वर बसणारे झाकण म्हणजे व्हॉल्व्ह कव्हर. नागपूरच्या गॅरेजांत त्याला टॅपेट कव्हर आणि त्याखालच्या गॅस्केटला पॅकिंग म्हणतात. पूर्ण खोललेले इंजिन बांधताना कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) व तो फिरवणारी टायमिंग चेन बसली, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणे झाले, की हे झाकण चढते. वंगण आत राखणे आणि धूळ बाहेर ठेवणे हे त्याचे काम. इंजिनाचा खर्चिक भाग तोवर उरकलेला असतो, म्हणून इथे घाई होते, आणि आठवड्याभरात गाडी ऑइल फेकू लागते.

झाकण ठेवण्याआधी आत एकदा नीट पाहावे. विसरलेला नट किंवा चिंधीचा तुकडा दिसण्याची ही शेवटची संधी असते. कॅमच्या लोबवर (उंचवट्यांवर) ताजे ऑइल सोडावे. जुन्या पॅकिंगचे चिकटलेले पापुद्रे प्लास्टिकच्या पट्टीने काढावेत. ॲल्युमिनियमच्या हेडवर लोखंडी स्क्रॅपर चालवला की ओरखडा पडतो आणि ऑइल तिथूनच वाट काढते. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा गॅरेजात कूलर लागतोच. त्याचा झोत उघड्या हेडवर येऊ देऊ नये, कारण त्यासोबत धूळ आणि पाण्याचे तुषार येतात.

पॅकिंग नेहमी नवे घ्यावे. उष्णतेने जुने रबर कडक होते आणि पुन्हा दबत नाही. रबरी पॅकिंग कव्हरच्या खाचेत कोरडेच बसवायचे असते. ट्यूबमधले सिलिकॉन (सांधे बुजवणारी पेस्ट) लागते ते मोजक्या जागी: कॅमला धरून ठेवणारी पुढची कॅप हेडला टेकते तो कोपरा, टायमिंग कव्हरचा सांधा, अर्धचंद्राकृती रबरी बुचाच्या कडा. तिथे तुरीच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो. सगळ्या कडेला सिलिकॉनची जाड दोरी ओढण्याची सवय सोडायलाच हवी. आत दबलेले सिलिकॉन तुटून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, पडते, ऑइल पंपाच्या जाळीत अडकते आणि नव्या बेअरिंगला ऑइल कमी पडते. शिवाय हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते. त्यामुळे ‘ऊन आहे, लगेच सुकेल’ हा हिशेब नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात चुकतो. ट्यूबवर लिहिलेला वेळ द्यावाच.

बोल्ट आधी हाताने लावून मग मधून टोकांकडे, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत कसावेत. अनेक छोट्या गाड्यांत हा जोर 8 ते 10 न्यूटन मीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्यावा. दहाच्या सॉकेटला लांब दांडा लावून अंगाचा जोर दिला, की पत्र्याचे कव्हर वाकते, प्लास्टिकचे तडकते, हेडमधले आटे जातात.

पॅकिंग नवे असूनही ऑइल येत असेल, तर ब्रीदरची, म्हणजे इंजिनातले वायू बाहेर काढणारी, नळी तपासावी. ती तुंबली की आतला दाब वाढून ऑइल कडेने बाहेर ढकलले जाते. हे ऑइल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडले तर धूर होतो, पेटही घेऊ शकते. पेट्रोल गाडीत प्लगच्या खळग्यातली सील हुकली, तर तिथे ऑइल साचून मिसिंग (इंजिन अडखळत चालणे) सुरू होते.

शेवटी इंजिन चालू करून चांगले तापू द्यावे, मग बंद करून मागच्या, केबिनकडच्या कडेला टॉर्च मारावी. गळती बहुधा तिथेच लपते. त्या कडेवरून फिरवलेले पांढरे कापड कोरडे निघाले, की गाडी द्यायला हरकत नाही.