पुस्तक उघडं, तरी उत्तर का सापडत नाही?

पुस्तक समोर ठेवून मराठीचा पेपर द्यायचा म्हटलं की पालकांना वाटतं, आता अभ्यास संपला. खरं तर उघड्या पुस्तकाची थोडी सवय आपल्या मुलांना आहेच. राज्य मंडळाच्या कृतिपत्रिकेत धड्यातला उतारा समोर छापलेला असतो. आकलनाच्या कृती त्यातून निघतात, पण ‘स्वमत’, म्हणजे स्वतःचं मत मांडायची कृती आली की पेन थांबतं. अडचण आठवणीची नसते, विचाराची असते.

सीबीएसईने 2014 मध्ये नववी आणि अकरावीला असा प्रयोग केला होता आणि 2017-18 पासून तो बंद केला. आता 2026-27 पासून नववीत पुस्तकासह चाचणी घ्यायला 2025 मध्ये मंजुरी मिळाली आहे. म्हणून नागपुरातल्या मराठी शिक्षकांनी प्रश्न काढायची तयारी आत्ताच करावी.

डोक्यात एका वेळी जेमतेम चारेक गोष्टी धरून ठेवता येतात. पुस्तक जवळ असलं की ओळ शब्दशः लक्षात ठेवण्याचं ओझं उतरतं आणि तेवढी जागा विचाराला मिळते. पण कविता आधी वाचलेलीच नसेल तर मूल पानं उलटत बसतं, आणि शोधता शोधता मनात जुळत आलेला मुद्दा निसटतो. दोनदा नीट वाचलेल्याला ‘उजव्या पानावर, खालचं कडवं’ एवढं तरी आठवतं.

2008 मधल्या एका प्रयोगात पुस्तकासह चाचणी देणाऱ्यांना त्या दिवशी जास्त गुण पडले. आठवड्याने पाहिलं तर पुस्तकाविना चाचणी देणाऱ्यांनाही तेवढंच आठवत होतं, आणि नुसतं वाचणाऱ्यांपेक्षा दोन्ही गट पुढे होते. 2011 च्या प्रयोगात मात्र ‘पुस्तक मिळणार आहे’ हे आधी कळलेल्यांची नंतरची कामगिरी घसरली. म्हणून धडा शिकवून झाला की पुस्तक मिटून दहा मिनिटांत त्याचा गाभा लिहून घ्यावा. पुस्तकासह पेपर त्यानंतर.

सगळं अडतं ते प्रश्नावर. समजा कवितेत ओळ आहे, ‘आईनं चूल विझवली, धूर मात्र रात्रभर जागा राहिला.’ आईने काय विझवलं, असं विचारलं तर दहा सेकंदांत उत्तर सापडतं. त्याऐवजी असं विचारा: ‘धूर जागा राहिला’ या शब्दांतून आईबद्दल काय कळतं? कवितेतल्या आणखी एका शब्दाचा आधार द्या. इथे बरीच मुलं अख्खं कडवं उतरवतात आणि खाली लिहितात, ‘यातून आईचे कष्ट दिसतात.’ हे वाक्य आईवरच्या कुठल्याही कवितेला चालेल. नेमकं उत्तर असं: चूल विझली म्हणजे दिवसाचं काम संपलं, पण जागणं माणसाचं असतं. ते धुराला दिलं, म्हणजे आईची काळजी विझलेली नाही.

गुणही तसेच वाटावेत. दहापैकी मताला 2, योग्य ओळ निवडण्याला 3, त्या ओळीतल्या शब्दाची उकल करण्याला 4, भाषेला 1. ओळ नुसती उतरवली तर तीनच्या पुढे जाऊ नये. अवतरण पंधरा शब्दांच्या आत ठेवायला सांगा, सोबत पान क्रमांक.

वेळेत हात आखडता घेऊ नका. तासाभरात असे तीनच प्रश्न. पहिली दहा मिनिटं फक्त वाचायला आणि पेन्सिलीने खुणा करायला, मग दीडशे शब्दांच्या एकेका उत्तराला पंधरा मिनिटं. उरलेली पाच मिनिटं तपासायला. पाच-सहा प्रश्न घातले की विचार बाजूला पडतो आणि पानं शोधण्याची शर्यत लागते.

साध्या गोष्टींनीही घोळ होतो. बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून घेतलेल्या किंवा ताईकडून आलेल्या जुन्या पुस्तकात समासात उत्तरं लिहिलेली असतात, गाइडची पानं चिकटवलेली असतात. त्यामुळे पुस्तकं आदल्या दिवशी जमा करून चाळावीत, आणि ज्यांच्या पुस्तकात असं काही सापडेल त्यांना शाळेची कोरी प्रत द्यावी. पाठ्यपुस्तकाबाहेरचा उतारा देणार असाल तर झेरॉक्स सुटी देऊ नका. मार्चमध्ये वर्गातले पंखे पाचवर असतात आणि अर्धा वेळ कागद पकडण्यात जातो. डाव्या बाजूला दोन पिना मारा, ओळींना पाच-पाचने क्रमांक घाला, म्हणजे मुलाला ‘ओळ 15’ एवढंच लिहून पुरावा देता येतो आणि तपासताना तुम्हालाही तो लगेच सापडतो.