जेम्स पीटर्स: इंग्लंडच्या संघातील पहिले कृष्णवर्णीय रग्बीपटू

१७ मार्च १९०६ रोजी एडिनबरोतील इन्व्हर्लीथच्या मैदानावर इंग्लंडने स्कॉटलंडला ९-३ असे हरवले. या सामन्यात पदार्पण करणारे जेम्स पीटर्स हे इंग्लंडच्या रग्बी संघातून खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत. त्यांच्यानंतरचा कृष्णवर्णीय खेळाडू, ख्रिस ओटी, त्या संघात येण्यास १९८८ साल उजाडावे लागले. या दीर्घ खंडामागे कोणताही लेखी नियम नव्हता. पीटर्स यांना अखेर ज्या नियमाने मैदानाबाहेर काढले तो मात्र लेखी होता आणि त्याचा वर्णाशी संबंध नव्हता.

पीटर्स यांचा जन्म १८७९ मध्ये मँचेस्टरलगतच्या सॅल्फर्ड येथे झाला. जमैकाहून आलेले वडील सर्कशीत सिंहांना शिकवीत आणि सरावादरम्यानच एका सिंहाने त्यांचा बळी घेतला. पुढे हा मुलगा दुसऱ्या एका सर्कशीत बिनखोगिराच्या घोड्यावर कसरती करू लागला. हात मोडल्यावर त्याचा उपयोग संपला असावा, कारण अकराव्या वर्षी त्याला वाऱ्यावर सोडून देण्यात आले. लंडनमधील अनाथाश्रमांत, आधी सदर्क आणि मग ग्रीनिच येथे, तो छपाईचे व सुतारकामाचे शिक्षण घेत वाढला आणि रग्बीही तिथेच शिकला.

१९०० पासून ते ब्रिस्टलकडून खेळू लागले, तेव्हा त्यांच्या निवडीच्या निषेधार्थ क्लबच्या समितीतील एका सदस्याने राजीनामा दिल्याचे सांगतात. पुढे प्लिमथला आल्यावर फ्लाय-हाफ (हल्ल्याची दिशा ठरवणारा खेळाडू) पीटर्स आणि स्क्रम-हाफ (घोळक्यातून चेंडू काढून त्याच्याकडे देणारा) राफेल जागो ही जोडी डेव्हन परगण्याच्या संघाचा कणा ठरली. स्कॉटलंडपाठोपाठ पॅरिसमध्ये फ्रान्सविरुद्धही ते खेळले. इंग्लंडने तो सामना ३५-८ असा जिंकला.

त्याच वर्षी पॉल रूस यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिकेचा संघ प्रथमच ब्रिटनच्या दौऱ्यावर आला. ऑक्टोबरमध्ये त्यांची गाठ डेव्हनशी होती. समोरच्या संघात पीटर्स आहेत हे पाहून पाहुण्यांनी मैदानात उतरण्यास नकार दिला आणि दक्षिण आफ्रिकेच्या उच्चायुक्तांनी मनधरणी केल्यावरच सामना झाला, असा वृत्तान्त सांगितला जातो. डिसेंबरमध्ये क्रिस्टल पॅलेस येथे इंग्लंडची त्याच संघाशी ३-३ अशी बरोबरी झाली, तेव्हा मात्र पीटर्स संघात नव्हते. वगळण्याचे खरे कारण खेळाबाहेरचे होते, याविषयी शंका घेण्यास फारशी जागा नाही, कारण पाहुणे मायदेशी परतताच, १९०७ मध्ये, आयर्लंड व स्कॉटलंडविरुद्ध त्यांची पुन्हा निवड झाली. जानेवारी १९०८ मध्ये ब्रिस्टल येथे दाट धुक्यात वेल्सविरुद्ध झालेला सामना हा त्यांचा पाचवा आणि अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला.

प्लिमथच्या गोदीत सुतारकाम करून ते पोट भरत. तिथल्या अपघातात त्यांची तीन बोटे गेली, तरी त्यांनी खेळ सोडला नाही. इंग्लंडमधील रग्बीची नियामक संस्था असलेल्या रग्बी फुटबॉल युनियनच्या कडक हौशी नियमांनुसार खेळण्यासाठी पैसा घेणे निषिद्ध होते. बुडालेल्या मजुरीच्या भरपाईवरूनच १८९५ मध्ये उत्तरेकडील क्लब फुटून त्यांनी नॉर्दर्न युनियन स्थापन केली होती. हा नियम जमीनदार किंवा वकील खेळाडूला जाचक नव्हता, गोदीतल्या सुताराला होता. १९१२ मध्ये रग्बी फुटबॉल युनियनने डेव्हनमधील क्लब व खेळाडूंवर या कारणावरून कारवाई केली आणि तीत पीटर्स यांच्यावरही बंदी आली. तेव्हा त्यांनी उत्तरेची वाट धरली आणि वयाच्या चौतिशीत बॅरो व नंतर सेंट हेलेन्स या नॉर्दर्न युनियनच्या क्लबांकडून ते उघडपणे मोबदला घेऊन खेळले. १९१४ मध्ये निवृत्त होऊन ते प्लिमथला परतले आणि १९५४ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.