थोरला भाऊ आणि लोकवर्गणी : युवक-मार्गदर्शन संस्थांची पार्श्वभूमी

मुलांना आणि किशोरवयीनांना मार्गदर्शक मिळवून देणाऱ्या संस्थेला समाजाने पाठबळ द्यावे, असे आवाहन झाले की आज बहुतेकांचा हात खिशाकडे जातो. या कामाची सुरुवात मात्र देणगी मागून झालेली नाही. ती माणसे मागून झाली, आणि आलेली माणसे टिकवायची तर पैसाही लागतो हे बऱ्याच उशिरा आणि काहीशा कटू अनुभवानंतर उमगले. संघटित युवक-मार्गदर्शनाचा हा इतिहास प्रामुख्याने अमेरिकेत घडला.

तेथे १८९९ मध्ये शिकागोत पहिले बालन्यायालय स्थापन झाले आणि १९०२ मध्ये न्यूयॉर्कमध्येही मुलांचे खटले प्रौढांपासून वेगळे चालू लागले. मुलांना गुन्हेगार न मानता वाट चुकलेली मुले मानावे, हा विचार त्यामागे होता. पण न्यायालयाच्या दारातून बाहेर पडलेल्या मुलाचा हात कोणी धरायचा, याचे उत्तर कायद्यात नव्हते. न्यूयॉर्कच्या बालन्यायालयात लिपिक असलेले अर्नेस्ट कोल्टर मुलांची ही रीघ रोज पाहत होते. डिसेंबर १९०४ मध्ये तेथील एका चर्चच्या पुरुषमंडळासमोर बोलताना त्यांनी निधीची मागणी केली नाही. प्रत्येकाने एका मुलाचा थोरला भाऊ व्हावे, एवढेच त्यांचे मागणे होते, आणि सभेतील चाळीस जणांनी ते मान्य केले. कल्पना एकट्या कोल्टर यांची होती असे नाही. त्याच शहरात ‘लेडीज ऑफ चॅरिटी’ या कॅथलिक स्त्रियांच्या मंडळाने १९०२ पासूनच न्यायालयात आलेल्या मुलींना आधार द्यायला सुरुवात केली होती, आणि सिनसिनाटीमध्ये अर्विन वेस्टहायमर या व्यापाऱ्याने १९०३ मध्ये कचऱ्यात अन्न शोधणाऱ्या एका मुलाशी मैत्री करून आपल्या परिचितांनाही तसे करायला प्रवृत्त केले होते. पुढील दशकांत प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू मंडळे आपापल्या समाजातील मुलांसाठी हे काम करू लागली. समाजाचा पाठिंबा म्हणजे तेव्हा अशा मंडळांतील ओळखीपाळखीचे बळ होते.

सद्भावना असली की काम भागते, ही समजूत या साऱ्यामागे होती. तिला धक्का बसला तो मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शेजारी शहरांत झालेल्या प्रयोगाने. डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९३०च्या दशकात आखलेल्या या प्रयोगात ५०६ मुलगे होते. परिस्थितीने आणि स्वभावाने एकमेकांशी जुळणाऱ्या दोन-दोन मुलांच्या जोड्या लावून, त्यांपैकी कोणाला मदत मिळावी हे नाणे उडवून ठरवले गेले. निवडलेल्या मुलांच्या घरी समुपदेशक नियमित जात, अभ्यासात आणि आजारपणात मदत करत, काहींना उन्हाळी शिबिरांना पाठवत. हे सरासरी पाच वर्षे चालले. समाजशास्त्रज्ञ जोन मॅककॉर्ड यांनी सुमारे तीस वर्षांनंतर या मुलांचा माग काढला आणि निष्कर्ष १९७८ मध्ये मांडले. मदत मिळालेल्यांपैकी अनेकांनी आपल्याला फायदा झाल्याचे आवर्जून सांगितले होते, परंतु नोंदी उलटेच बोलत होत्या : वारंवार घडलेले गुन्हे, मद्यासक्ती, अकाली मृत्यू अशा अनेक बाबतींत हा गट मदत न मिळालेल्यांपेक्षा मागे पडला होता. पुढील विश्लेषणात उन्हाळी शिबिरांना पुन्हा पुन्हा पाठवलेल्या मुलांवर विशेष संशय गेला, कारण तिथे बिघडू पाहणारी मुले एकमेकांच्याच संगतीत राहिली होती. प्रेमाने केलेले काम तपासून पाहायला कोणालाच आवडत नाही, आणि नेमके म्हणून हा अभ्यास मोलाचा आहे.

दरम्यान विखुरलेल्या मंडळांची एकजूट होत गेली. ‘बिग ब्रदर्स ऑफ अमेरिका’ला १९५८ मध्ये अमेरिकी काँग्रेसची सनद मिळाली आणि १९७७ मध्ये भावांची व बहिणींची संघटना एक होऊन ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ अस्तित्वात आली.

या संघटनेच्या आठ शाखांतील १० ते १६ वर्षांच्या ९५९ मुलांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो शक्य झाला प्रतीक्षायादीमुळे : मार्गदर्शक कमी आणि मुले जास्त असल्याने काही मुलांना तसेही थांबावेच लागणार होते, तेव्हा चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काहींना लगेच आणि काहींना दीड वर्षाने मार्गदर्शक देण्याचे ठरले. मार्गदर्शक मिळालेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांची सुरुवात करण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी आणि शाळा बुडवण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. याच माहितीच्या २००२ मधील फेरतपासणीत असे दिसले की वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या जोड्यांचा लाभ सर्वाधिक होता, आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतील मुलांचा आत्मसन्मान उलट खालावला होता. अर्धवट सोडलेले मूल मुळात हात न लावलेल्या मुलापेक्षा अधिक दुखावते, ही गोष्ट आकडेवारीने प्रथमच इतकी स्पष्ट केली.

पैशाचा प्रश्न इथे येतो. मार्गदर्शक विनामोबदला काम करतो. खर्च होतो तो त्याची पार्श्वभूमी पडताळणे, जोडी जुळवणे आणि नंतरची देखरेख यांवर. समन्वयक सुरुवातीला दरमहा तीन वेगवेगळे फोन करतो, मार्गदर्शकाला, मुलाला आणि पालकाला. गेल्या दोन भेटी का हुकल्या, मूल भेटीनंतर गप्प असते का, आईला काही खटकले का, असे साधेच प्रश्न असतात, पण त्यांतूनच तुटू पाहणारे नाते वेळेवर सावरते. १९९५ च्या अभ्यासात हा खर्च एका जोडीमागे वर्षाला सुमारे १,००० डॉलर येत होता. खेदाची बाब अशी, की सहलीसाठी किंवा दप्तरांसाठी देणगीदार सहज मिळतात. समन्वयकाच्या पगारासाठी मिळत नाहीत. म्हणूनच स्थानिक शाखांनी बोलिंगच्या स्पर्धेसारखे उपक्रम रुजवले, ज्यात मित्रांचा किंवा सहकाऱ्यांचा चमू आधी नातेवाइकांकडून वर्गणी गोळा करतो आणि मग खेळायला येतो. अशा छोट्या रकमा खर्चाच्या कुठल्याही एका बाबीला बांधलेल्या नसतात, हा त्यांचा मोठा गुण.

सरकारी पैसा आला, पण तो बेभरवशाचा ठरला. शाळांमधील मार्गदर्शनासाठी अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याने दिलेल्या अनुदानाचे २००९ मधील मूल्यमापन निराशाजनक निघाले. तिथल्या जोड्या सरासरी सहा महिनेही टिकत नव्हत्या. त्यानंतर ती योजनाच गुंडाळली गेली. याउलट २०२२ मध्ये दानशूर अब्जाधीश मॅकेंझी स्कॉट यांनी ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ला आणि तिच्या ३८ शाखांना मिळून १२ कोटी २६ लाख डॉलर दिले.

एवढ्या मोठ्या रकमेनेही न मिटणारी एक तूट मात्र जुनीच आहे. प्रतीक्षायादीत मुलग्यांची संख्या अधिक असते आणि नाव नोंदवायला येणाऱ्यांत स्त्रियांची, त्यामुळे चर्चच्या पुरुषमंडळासमोर कोल्टर यांनी जे मागितले, तेच आजही संस्थांना पुरुषांकडे मागावे लागते.