विक्रेता-संच

विक्रेता-संच : घर विकण्याच्या विचारात असलेल्या मालकाने आपल्यालाच नेमावे, यासाठी स्थावर मालमत्तेचा एजंट जी कागदपत्रे जुळवून त्याच्यापुढे ठेवतो त्यांचा संच. हा प्रघात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि कॅनडात विशेष रुळला असून प्रस्तुत नोंद मुख्यतः संयुक्त संस्थानांतील पद्धतीस धरून आहे. तेथे भेटीआधी पाठवायच्या कागदांना ‘प्री-लिस्टिंग पॅकेट’ म्हणतात आणि मालकाच्या घरी बसून जे समजावून सांगायचे त्याला ‘लिस्टिंग प्रेझेंटेशन’. ‘लिस्टिंग’ हा शब्द घर विकून देण्याच्या लेखी कराराला लावतात, तसाच त्या करारामुळे यादीत आलेल्या घरालाही. संदर्भावरून अर्थ ओळखावा लागतो. संच मालकासाठी असला तरी तो मुळात एजंटने काम मिळवण्यासाठी केलेला असतो. त्यातील किमतीचा अंदाज वाचताना हे विसरून चालत नाही.

स्वरूप : आधी पाठवायच्या भागात एजंटचा परिचय, त्याने अलीकडे विकून दिलेली घरे, जुन्या ग्राहकांचे अभिप्राय, जाहिरातीचा आराखडा, कराराचा कोरा नमुना आणि मालकाने भरायची प्रश्नावली असते. छप्पर कधी बदलले, तळघरात पाणी येते का, कर्ज किती फिटायचे आहे, असे प्रश्न तीत असतात. काही एजंट एकाच भेटीत सर्व उरकतात, तर काही पहिल्या भेटीत फक्त घर पाहून किंमत दुसऱ्या भेटीत सांगतात. दुसरी रीत वेळखाऊ खरी, पण आतून न पाहिलेल्या घराचा अंदाज छापून नेण्याची चूक तीत टळते. छायाचित्रे, त्रिमिती फेरफटका, सामानाची मांडणी यांविषयीची पाने सर्वत्र सारखीच असतात.

पूर्वपीठिका : संचाचा गाभा म्हणजे तुलनीय विक्रींची माहिती, आणि ती मिळू लागली ती दलालांनी आपापल्या याद्या एकमेकांस खुल्या केल्यामुळे. या सामाईक यादीचा, म्हणजे ‘मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस’चा (एमएलएस), आरंभ कोठे व केव्हा झाला याविषयी एकवाक्यता नाही. कॅलिफोर्नियातील सान डिएगो येथील दलालांनी १८८७ च्या सुमारास एकत्र येऊन अशी देवघेव सुरू केली, असे एका परंपरेने सांगितले जाते. दुसरीकडे ‘मल्टिपल लिस्टिंग’ ही संज्ञा १९०७ च्या सुमारास वापरात आली असे मानले जाते, आणि संस्थात्मक इतिहास तेथून मोजण्याकडे काहींचा कल आहे. मतभेद बराचसा व्याख्येचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक शहरांतील दलाल ठरावीक दिवशी संघाच्या कचेरीत जमून विक्रीच्या घरांची माहिती सांगत आणि दुसऱ्याचे घर विकून देणाऱ्याशी दलाली वाटून घेत. यालाच सामाईक यादी म्हणायचे असेल, तर १८८७ ही साल ग्राह्य धरण्यास हरकत नाही. परंतु मालकाशी अनन्य करार (म्हणजे विक्रीचे काम एकाच दलालाकडे देण्याचा करार) असलेली घरेच यादीत घ्यायची आणि ती सर्व सभासदांना कळवायची, हा बंधनकारक नियम त्यानंतरचा दिसतो. विक्रेता-संचाच्या दृष्टीने हा नियमच महत्त्वाचा, कारण अनन्य कराराशिवाय एजंटला आधीच इतकी तयारी करणे परवडले नसते. अखिल देशाची संघटना १९०८ मध्ये शिकागो येथे स्थापन झाली. तीच आजची ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स’. तिची आचारसंहिता १९१३ ची आहे.

पुढे या याद्या छापील पुस्तकांच्या रूपाने निघू लागल्या. पुस्तक निघेपर्यंत त्यातली काही घरे विकली गेलेली असत. १९७० नंतरच्या दशकांत त्या संगणकावर गेल्या, आणि १९९० नंतर विक्रीस असलेली घरे महाजालावर कोणालाही दिसू लागली. तरीही घर प्रत्यक्षात कितीला गेले ही माहिती सर्वत्र खुली झाली नाही. टेक्सस, युटा, आयडाहो अशा काही राज्यांत विक्रीची किंमत सरकारदरबारी जाहीर करण्याचे बंधन नाही. तेथे ती विश्वासार्हपणे कळण्याचा मुख्य मार्ग अजूनही एमएलएस हाच आहे. संचाचे वजन या राज्यांत अधिक, असे म्हणता येईल.

तुलनात्मक बाजार विश्लेषण : व्यवहारात ‘सीएमए’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा भाग संचातील सर्वांत महत्त्वाचा. याचे मूळ मूल्यांककांच्या शास्त्रात शोधण्याची प्रथा आहे. फ्रेडरिक बॅबकॉक यांचा मूल्यांकनावरील ग्रंथ १९२४ मध्ये आला आणि १९३२ मध्ये मूल्यांककांची स्वतंत्र संस्था निघाली; तुलना, पुनर्बांधणीचा खर्च व उत्पन्न या तीन वाटांनी किंमत काढण्याची शिस्त त्या काळात घडली. सीएमए ही त्यातील पहिल्या वाटेची सुलभ आवृत्ती होय, असे सामान्यतः म्हटले जाते. तथापि शेजारचे घर कितीला गेले यावरून भाव सांगणे ही दलालांची रीत शास्त्राआधीचीच असणार. शास्त्राने तिला कोष्टक दिले, इतपत म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

या शास्त्राची एक बाजू संचात लिहिली जात नाही. गृहकर्जांना हमी देण्यासाठी १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ‘फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’च्या नियमपुस्तिकेत वस्तीची वांशिक एकजिनसी ठेवण हा मूल्य टिकवणारा घटक मानला होता, आणि त्या पुस्तिकेच्या घडणीत बॅबकॉक यांचा मोठा वाटा होता. १९६८ च्या ‘फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट’ने वंश, वर्ण, धर्म व राष्ट्रीय मूळ यांवरून घरव्यवहारात भेद करण्यास मनाई केली, लिंग, अपंगत्व आणि मुले असलेली कुटुंबे यांची भर नंतर पडली. आजच्या संचात परिसराचे वर्णन करताना तेथे ‘कोण राहतात’ याविषयी एजंट मौन पाळतात ते यामुळे.

विश्लेषणात घरांचे चार गट पाहतात : विकली गेलेली, करार होऊन व्यवहार पुरा व्हायची असलेली, सध्या विक्रीस असलेली, आणि मुदत संपूनही न विकली गेलेली. पहिल्या गटावरून बाजाराने काय दिले ते कळते, तिसऱ्यावरून स्पर्धा कोणाशी आहे ते. चौथा गट मालकांना दाखवायला एजंटांना विशेष आवडतो, कारण अवाजवी किमतीचा शेवट काय होतो हे तो न बोलता सांगतो. विकलेली घरे शक्यतो मागील तीन ते सहा महिन्यांतील, जवळपासची आणि बांधणी व आकाराने सारखी घेतात. व्यवहार विरळ असतील तर मुदत किंवा अंतर वाढवावे लागते, आणि तेवढ्या प्रमाणात अंदाज सैल होतो.

कोणतीही दोन घरे तंतोतंत सारखी नसल्याने समायोजन करावे लागते. नियम असा की फेरफार नेहमी तुलनेच्या घराच्या किमतीत करायचा, विकायच्या घराच्या किमतीत नव्हे, कारण ती तर अजून काढायचीच आहे. तुलनेचे घर सरस असेल तर वजाबाकी, कमी असेल तर बेरीज. नवशिके येथेच चुकतात. समजा, विकायच्या घरास गॅरेज नाही आणि स्नानगृहे दोन आहेत. पहिले तुलनीय घर ४,१०,००० डॉलरना गेले. त्यास गॅरेज आहे (वजा १५,०००), पण स्नानगृह एकच (अधिक ८,०००), म्हणून समायोजित किंमत ४,०३,०००. दुसरे ३,९२,००० ना गेले. गॅरेज त्यालाही नाही, मात्र ते १०० चौरस फुटांनी लहान (अधिक ९,०००), म्हणून ४,०१,०००. तिसरे ४,२५,००० ना गेले. गॅरेज (वजा १५,०००) आणि नवे स्वयंपाकघर (वजा १२,०००) धरून ३,९८,०००. मूळ किमतींतील ३३,००० डॉलरचे अंतर समायोजनानंतर ५,००० वर आले. अंतर असे आवळले जाणे हे तुलना जमल्याचे लक्षण मानतात. ते न आवळता वाढले, तर घरे तरी चुकीची निवडली आहेत किंवा फेरफाराचे आकडे तरी.

हे आकडे आणायचे कोठून, हा खरा प्रश्न. शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे एकाच बाबतीत भिन्न असलेल्या घरांच्या जोड्या शोधून त्यांच्या किमतींतील फरक घेणे. अशा जोड्या क्वचितच सापडतात, त्यामुळे पुष्कळ एजंट सवयीचे ठोकताळे वापरतात. स्वयंपाकघर करायला मालकाला किती खर्च आला, याचा येथे संबंध नसतो. ग्राहक त्यासाठी किती जास्त मोजतो, एवढेच पाहायचे असते. मालकांशी सर्वाधिक वाद याच मुद्द्यावर होतात. क्षेत्रफळाचाही असाच गोंधळ आहे. ‘अ‍ॅन्सी झेड७६५’ या मानकानुसार (पहिली आवृत्ती १९९६) स्वतंत्र घराचे क्षेत्रफळ बाह्य भिंतींवरून मोजतात, आणि जमिनीखाली गेलेला मजला, कितीही सजवलेला असला तरी, मुख्य क्षेत्रफळात धरत नाहीत. ‘फॅनी मे’ या गृहकर्ज संस्थेने १ एप्रिल २०२२ पासून आपल्या कर्जांच्या मूल्यांकनात हे मानक बंधनकारक केले. नुसत्या चौरस फुटाच्या दराने गुणून काढलेली किंमत म्हणूनच फसवी ठरते : एका घराच्या आकड्यात तळघर असते, दुसऱ्याच्या नसते.

सीएमए म्हणजे परवानाधारक मूल्यांककाचे मूल्यांकन नव्हे, असा खुलासा संचात छापलेला असतो. १९८९ च्या ‘फिरिया’ या वित्तसंस्थांविषयीच्या संघीय कायद्यानंतर बहुतांश बँककर्जांसाठीचे मूल्यांकन राज्याचा परवाना असलेल्या मूल्यांककाकडे गेले. लिस्टिंग मिळवण्यासाठी किमतीचे मत देण्याची मुभा मात्र राज्यांचे कायदे एजंटांना देतात. २००६ पासून ‘झिलो’ या संकेतस्थळाचा ‘झेस्टिमेट’ हा यांत्रिक अंदाज मालकाच्या हाती आधीच असतो. त्यामुळे तो आकडा बरोबर का नाही हे सांगणारे एक पान आता अनेक संचांत असते.

अंदाजाची निष्ठा : काम मिळवण्यासाठी फुगवलेली किंमत सांगायची, करार झाला की काही आठवड्यांनी ती उतरवायला लावायची, या चालीला धंद्यात ‘लिस्टिंग विकत घेणे’ म्हणतात. ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स’ची उपरोक्त आचारसंहिता लिस्टिंग मिळवताना बाजारमूल्याबाबत मालकाची जाणूनबुजून दिशाभूल करण्यास मनाई करते; जाणूनबुजून केली हे सिद्ध करणे अर्थात अवघड. उलट दिशेचा दोषही दाखवण्यात आला आहे. स्टीव्हन लेव्हिट व चॅड सिव्हरसन यांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एजंटांची स्वतःची घरे ग्राहकांच्या घरांहून सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीस गेली आणि सुमारे साडेनऊ दिवस अधिक काळ बाजारात राहिली, असे आढळले. एजंटला वाढीव किमतीचा अगदी लहान हिस्सा मिळतो, म्हणून तो ग्राहकाला लवकर विकायला लावतो, असा अर्थ त्यांनी लावला. फरकाचा काही भाग घरांच्या न नोंदलेल्या गुणांमुळे असू शकेल, तरी हा अर्थ सर्वस्वी टाळता येत नाही.

ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट व मार्गारेट नील यांचा १९८७ चा प्रयोग वेगळ्या कारणाने उल्लेखनीय आहे. अ‍ॅरिझोनातील टूसॉन येथे त्यांनी एजंटांना एक घर प्रत्यक्ष दाखवले आणि त्याच्या माहितीचा व तुलनीय विक्रींचा संच हाती दिला. सर्वांचे कागद सारखेच होते. फरक होता तो फक्त मालकाने लावलेल्या किमतीचा. ती चढी दिसली त्यांचे अंदाज चढे आले, उतरती दिसली त्यांचे उतरते, आणि तिचा आपण विचार केला हे बहुतेकांनी मान्य केले नाही. मालकाच्या अपेक्षेचा आकडा भेटीआधी कानावर आला, तर त्याचा रंग सीएमएला लागत असणार, असे यावरून अनुमान करता येते.

निव्वळ हाती येणारी रक्कम व दलाली : ‘नेट शीट’ या पानावर विक्रीच्या किमतीतून दलाली, उरलेले कर्ज, हस्तांतरण कर, मालकी हक्काच्या विम्याचा मालकाकडे येणारा वाटा आणि मालमत्ता कराचा हिशेब वजा करून शिल्लक दाखवतात. कोणता खर्च कोणी द्यायचा हे राज्यागणिक व कधी परगण्यागणिक बदलते. दलालीचा दर ठरलेला नसतो. दलालांच्या मंडळाने दर नेमून देणे हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन शहरातील मंडळासंबंधीच्या खटल्यात १९५० मध्येच ठरवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसुरीतील ज्यूरीने खरेदीदाराच्या एजंटची दलाली विक्रेत्यावर लादण्याच्या प्रथेविरुद्ध सुमारे १.८ अब्ज डॉलरच्या भरपाईचा निकाल दिला. मार्च २०२४ मध्ये ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स’ने ४१.८ कोटी डॉलर देण्याची तडजोड केली, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराच्या एजंटला देऊ केलेली दलाली एमएलएसवर दाखवणे बंद झाले. तेव्हापासून दोन्ही दलाल्या वेगवेगळ्या मांडाव्या लागतात आणि त्या वाटाघाटीने ठरतात हे ठळकपणे नमूद करावे लागते.

दोष-निवेदन : मालकाने भरायचे नमुने संचासोबत देतात. १९७८ पूर्वी बांधलेल्या घरांसाठी शिसेयुक्त रंगाविषयीचे निवेदन १९९२ च्या संघीय कायद्याने आवश्यक केले आहे. इतर निवेदने राज्यांच्या कायद्यांप्रमाणे असतात. कॅलिफोर्नियात १९८४ च्या ‘ईस्टन वि. स्ट्रासबर्गर’ या निकालाने एजंटवरही घराची वाजवी पाहणी करून आढळलेले दोष सांगण्याची जबाबदारी आली.

सरकारी संच : ब्रिटनमध्ये याच नावाशी जुळणारी पण हेतूने भिन्न अशी कल्पना पुढे आली. तेथील संच एजंटने मालकासाठी नव्हे, तर मालकाने खरेदीदारासाठी करायचा होता. इंग्लंड व वेल्समध्ये ‘होम इन्फर्मेशन पॅक’ ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झाले, प्रथम मोठ्या घरांना. मे २०१० मध्ये ते स्थगित झाले आणि ऊर्जा-प्रमाणपत्र तेवढे उरले. स्कॉटलंडमध्ये १ डिसेंबर २००८ पासूनचा ‘होम रिपोर्ट’ मात्र चालू आहे. त्यात सर्वेक्षकाची पाहणी व मूल्यांकन, ऊर्जा-अहवाल आणि मालकाने भरलेली प्रश्नावली असते.