एक ग्लास आणि नव्वद मिनिटे : क्राफ्ट बिअर व आंतरराष्ट्रीय फुटबॉल यांविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सस्नेह नमस्कार.

आमच्या परमिट रूममध्ये टॅपवरची क्राफ्ट बिअर, म्हणजे लहान कारखान्यांत थोड्या प्रमाणात केलेली बिअर, मिळू लागली आणि मोठ्या पडद्यावर देशादेशांमधील फुटबॉलचे सामने दिसू लागले, तेव्हापासून ग्राहक आम्हाला दोन प्रश्न वारंवार विचारतात. पहिला प्रश्न, "यात स्ट्राँग कोणती?" आणि दुसरा, "ऑफसाइड म्हणजे नेमके काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, परंतु सामन्याच्या दिवशी गर्दीत आमच्या मुलांना त्यांची उत्तरे उभ्याउभ्या द्यावी लागतात आणि ती अर्धवट राहतात. म्हणून हे पत्रक प्रत्येक टेबलावर ठेवले आहे. बिअरचे किंवा फुटबॉलचे जाणकार असणाऱ्यांना यात फारसे नवे सापडणार नाही. वर्षाकाठी एखादी मोठी स्पर्धा पाहणारे आणि चार मित्रांसोबत एखादा ग्लास निवांत घेणारे जे ग्राहक आहेत, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे.

स्ट्राँग कोणती?

सोलापुरात बिअर म्हणजे साडेसहाशे मिलीची बाटली, आणि ती शक्यतो स्ट्राँग, असा रिवाज पडला आहे. 8 टक्के अल्कोहोल असलेल्या अशा एका बाटलीत 52 मिली शुद्ध अल्कोहोल असते. आमच्या टॅपवरील गव्हाच्या बिअरचा ग्लास 330 मिलीचा असून तिच्यात अल्कोहोल 5 टक्के, म्हणजे सुमारे साडेसोळा मिली असते. याचा अर्थ असा की, एका स्ट्राँग बाटलीत आमच्या तीन ग्लासांइतके अल्कोहोल असते. हा हिशेब आम्ही मुद्दाम मांडतो आहोत, कारण मध्यांतरापूर्वीच दोन स्ट्राँग बाटल्या संपवलेल्या माणसाला उत्तरार्धातला गोल दुसऱ्या दिवशी आठवत नाही, हे आम्ही काउंटरवरून अनेकदा पाहिले आहे. क्राफ्ट बिअर चवीसाठी प्यायची असते. पूर्वार्धाला एक आणि उत्तरार्धाला एक, हे प्रमाण आम्हाला योग्य वाटते, आणि त्यासोबत पाण्याचा जग टेबलावर असावा.

बिअर कशी होते

जव पाण्यात भिजवून, आपण मटकीला आणतो तसे त्याला मोड आणतात आणि मग ते वाळवतात. मोड येताना धान्यात असे घटक तयार होतात की, पुढे तेच जव भरडून साधारण 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवले असता त्यातील पिष्टाची साखर होते. हे गोड पाणी गाळून हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांसोबत उकळतात. कडवटपणा आणि बराचसा सुगंध या फुलांचा असतो. थंड केल्यावर त्यात यीस्ट, म्हणजे आंबवणारी सूक्ष्म बुरशी, घालतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू तयार करते, आणि आपल्या ग्लासातील फेस त्या वायूमुळेच दिसतो. जव किती भाजले, हॉप्स किती व केव्हा घातले, यीस्ट कोणते आणि ते किती थंडीत ठेवले, एवढ्या मोजक्या गोष्टींच्या फरकातून शेकडो प्रकारच्या बिअर तयार होतात.

आमच्याकडे सहसा चार प्रकार असतात. पहिल्यांदा येणाऱ्यांना आम्ही गव्हाची बिअर सुचवतो. जर्मनीतील बव्हेरियाच्या पद्धतीने केलेल्या या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, मात्र तिच्यात केळे किंवा लवंग काहीही घातलेले नसते. हे दोन्ही वास यीस्टचे असतात. ती कडू नसते, म्हणून काळ्या मसाल्याच्या झणझणीत मटणाबरोबर ती उत्तम लागते. पिल्सनर हा 1842 साली बोहेमियातील (आजच्या चेकियातील) पिल्झेन या गावी जन्मलेला सोनेरी, स्वच्छ चवीचा प्रकार आहे. बाजारात बाटलीतून मिळणाऱ्या बहुतेक बिअर याच घराण्यातल्या असल्या, तरी त्यांत खर्च कमी करण्यासाठी अनेकदा तांदूळ किंवा मका मिसळलेला असतो, त्यामुळे नुसत्या जवाची पिल्सनर प्यायल्यावर फरक लगेच जाणवतो.

तिसरी इंडिया पेल एल. हिच्या नावात आपला देश आहे म्हणून ग्राहक ती कुतूहलाने मागवतात आणि पहिल्या घोटाला तोंड वाकडे करतात. अठराव्या शतकात लंडनहून मुंबई व कोलकात्याकडे निघालेल्या जहाजांना चार ते सहा महिने लागत, आणि वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडावे लागे. उष्ण प्रदेशांत पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत, म्हणजे ती टिकते, हे इंग्लंडमधील उत्पादकांना आधीपासून ठाऊक होते. लंडनच्या बो भागातील हॉजसन यांची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीजवळ असल्यामुळे तिचा माल इकडे मोठ्या प्रमाणावर आला. कोणा एकाने भारतासाठी मुद्दाम ही बिअर शोधून काढली, ही सांगोवांगीची गोष्ट मात्र खरी नाही. हिच्यासोबत तिखट खाऊ नये, असा आमचा आग्रह आहे, कारण कडवटपणाने तिखटाचा जाळ आणखी भडकतो. खारे शेंगदाणे किंवा तळलेले पनीर मागवावे.

चौथी स्टाउट. भरपूर भाजलेल्या जवामुळे ती कॉफीसारखी काळी दिसते आणि तिला तशीच करपूस चव येते. तिच्यासोबत आम्ही शेंगापोळी देतो. भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट आणि गूळ यांना स्टाउटइतकी जवळची बिअर दुसरी नाही, आणि ही जोडी सोलापूरकराला समजावून सांगावी लागत नाही. ज्यांना निवड करता येत नाही, त्यांनी चारही बिअरचे 100 मिलीचे छोटे ग्लास एकत्र मागवावेत.

सोलापूरचा उन्हाळा आणि आमचे केग

ही बिअर पुण्याजवळून, सुमारे अडीचशे किलोमीटरवरून, केगमधून, म्हणजे धातूच्या पिंपांतून, येते. महाराष्ट्रातील क्राफ्ट बिअरची चळवळही पुण्यातच रुजली. तिथे 2009 साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी (लहान ब्रुअरी) सुरू झाली. कारखान्यातील बाटलीबंद बिअर पाश्चरीकरण केलेली, म्हणजे जंतू मारण्यासाठी तापवलेली, असल्यामुळे उष्णता काही प्रमाणात सोसते, आमची बिअर मात्र तशी नसल्याने ती ब्रुअरीपासून ग्लासापर्यंत सतत थंड राहावी लागते. एप्रिल-मेमध्ये इथला पारा 42 अंशांच्या वर जातो. एका मे महिन्यात माल आणणाऱ्या गाडीची शीतयंत्रणा वाटेतच बंद पडली आणि तीन केग उकाड्यात राहिले. बाहेरून काहीही कळत नव्हते, परंतु चव घेतल्यावर आंबट वास आला आणि आम्ही ती सर्व बिअर मोरीत ओतली. तेव्हापासून प्रत्येक केग उघडताना आम्ही स्वतः पहिला घोट घेतो. एखाद्या दिवशी चारऐवजी दोनच टॅप चालू दिसले, तर त्यामागे हेच कारण असते. कृपया गैरसमज करून घेऊ नये.

ग्लासावर दोन बोटे फेस असतो, त्याबद्दलही तक्रार येते. फेसामुळे माप कमी होत नाही, कारण 330 मिलीची खूण फेसाच्या खाली आहे. सुगंध फेसातूनच वर येतो. ग्लास बर्फासारखा गार नसतो, तेही हेतुपुरस्सर, कारण फार गार जिभेला चव लागत नाही.

ऑफसाइड, शेंगदाण्यांच्या साहाय्याने

टेबलावर चकण्याचे शेंगदाणे असतात, त्यांतले काही मांडून पाहावे. आपला सहकारी चेंडू पुढे देतो, त्या क्षणी आपण प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात असू, आणि चेंडूपेक्षाही तसेच प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूपेक्षाही त्यांच्या गोलरेषेच्या अधिक जवळ असू, तर आपण ऑफसाइड जागी आहोत. शेवटचा खेळाडू बहुधा गोलरक्षक असतो, म्हणून व्यवहारात शेवटचा बचावपटू पाहिला तरी पुरते. चेंडू आपल्याला मिळाला त्या क्षणाचा विचार करायचा नाही, तो सहकाऱ्याने मारला त्या क्षणाचा करायचा. बहुतेक वाद इथेच होतात. थ्रो-इन (बाजूच्या रेषेवरून हाताने फेकलेला चेंडू), कॉर्नर (कोपऱ्यावरून मारलेला) आणि गोलकिक (स्वतःच्या गोलसमोरून मारलेला) यांवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड लागत नाही. विश्वचषकात 2018 पासून चित्रण पाहून निर्णय तपासणारे व्हिडिओ पंच आल्यामुळे गोल झाल्यावर कधीकधी दोन-तीन मिनिटे थांबावे लागते. तेवढा वेळ ग्लास खाली ठेवावा.

उरलेले नियम पाहता पाहता समजतात. नवख्या प्रेक्षकाने चेंडूऐवजी अधूनमधून चेंडूपासून दूर असलेल्या खेळाडूंकडे पाहावे, एवढेच आम्ही सुचवू. क्रिकेटमध्ये दर चेंडूनंतर बोलायला उसंत मिळते, फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटे मिळत नाही. म्हणून जेवणाची ऑर्डर सामन्यापूर्वी किंवा मध्यांतराच्या पंधरा मिनिटांत द्यावी.

कोणाच्या बाजूने बसावे

भारताचा संघ पुरुषांच्या विश्वचषकात अद्याप खेळलेला नसल्यामुळे, आपण कोणाचे, हा प्रश्न नव्या प्रेक्षकाला पडतो. बहुतेकजण ब्राझील किंवा अर्जेंटिना निवडतात. त्यात वावगे काहीच नाही. 18 डिसेंबर 2022 रोजी अर्जेंटिना आणि फ्रान्स यांचा 3-3 असा सुटलेला आणि बरोबरीनंतरच्या पेनल्टी फटक्यांवर अर्जेंटिनाने जिंकलेला अंतिम सामना ज्यांनी पाहिला, त्यांना तो जन्मभर पुरेल. तरीही आमची शिफारस लहान देशांची आहे, आणि त्यातही आइसलँडची.

2011 च्या जनगणनेनुसार एकट्या सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. आइसलँड हा संपूर्ण देश साडेतीन लाखांच्या आसपास असताना, म्हणजे आपल्या शहराच्या निम्म्याहूनही लहान असताना, 2018 च्या विश्वचषकात पोहोचला. त्याआधी 2016 च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत त्यांनी इंग्लंडला 2-1 असे हरवले होते. विश्वचषकातील पहिल्याच सामन्यात त्यांनी अर्जेंटिनाला 1-1 असे रोखले आणि मेस्सीची पेनल्टी अडवणारा गोलरक्षक हानेस हाल्डोरसन हा चित्रफिती दिग्दर्शित करणारा माणूस होता. प्रशिक्षक हेमिर हाल्ग्रिमसन दंतवैद्य होते. मायदेशातील सामन्यांपूर्वी ते रेक्याविकमधील एका पबमध्ये जाऊन जमलेल्या चाहत्यांना त्या दिवशीचा संघ आणि डावपेच समजावून सांगत, आणि ती माहिती बाहेर फुटत नसे. ज्या देशात 1 मार्च 1989 पर्यंत सर्वसाधारण बिअरवर बंदी होती, त्या देशातील पबमध्ये हे घडत होते. प्रेक्षक आणि संघ यांच्यात असा विश्वास असू शकतो, हे वाचले तेव्हा आम्हाला आमच्या व्यवसायाविषयी फार आपुलकी वाटली.

दुसरी शिफारस नायजेरियाची, आणि ती ज्वारीमुळे. तिथल्या सरकारने 1988 साली जवाच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा मोठमोठ्या ब्रुअरी ज्वारी व मक्याकडे वळल्या. आफ्रिकेत ज्वारीची घरगुती बिअर तर पिढ्यान्‌पिढ्या होतेच. बुर्किना फासोमध्ये तिला डोलो म्हणतात. जवाला टरफल असते आणि ते गाळताना चाळणीचे काम करते, ज्वारीच्या दाण्याला ते नसल्यामुळे गाळणे अवघड जाते, परंतु त्यावरही त्यांनी मार्ग काढला. याच नायजेरियाने 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात ब्राझीलविरुद्ध 1-3 असे मागे असताना 4-3 असा विजय मिळवला आणि अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला 3-2 असे हरवून सुवर्णपदक घेतले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि मालदांडीची भाकरी खाऊन आपण मोठे झालो आहोत. तिच्यापासून बिअरची एक लहानशी खेप करून पाहावी, असे आम्ही आमच्या पुरवठादारांशी बोलत आहोत. ती जमली तर पहिले चार दिवस फक्त नेहमीच्या ग्राहकांसाठी ठेवू.

घरच्या संघाविषयी उदास होण्याचे कारण नाही. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला होता आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले होते. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात पेठापेठांतील तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर आजही चुरशीने खेळतात, आणि 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघात होता. भारताचे सामने आमच्याकडे नेहमी दाखवले जातात, समोर दोनच प्रेक्षक असले तरीही.

वेळा आणि नियम

युरोपातील स्पर्धांचे सामने उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा, रात्री साडेनऊ आणि साडेबारा वाजता सुरू होतात. अमेरिका खंडातील सामने बहुधा मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे येतात. 2024 साली युरो आणि कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतील देशांची स्पर्धा) या दोन्ही स्पर्धांचे अंतिम सामने आपल्याकडे 15 जुलैलाच झाले, एक मध्यरात्री आणि दुसरा सकाळी. परवान्यातील वेळेनंतर आम्ही दुकान उघडे ठेवत नाही आणि ठेवणारही नाही. अशा सामन्यांचे पूर्ण ध्वनिचित्रमुद्रण आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता दाखवतो. त्या संध्याकाळी निकाल माहीत असलेल्यांनी तो मोठ्याने सांगू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे, कारण काही ग्राहक दिवसभर मोबाइल बंद ठेवून इथे येतात.

बिअरसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे आणि ओळखपत्र मागितल्यास राग मानू नये. 2 ऑक्टोबरसारख्या कोरड्या दिवसांना दुकान बंद असते. वाहन चालवणाऱ्याच्या 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्यालाही दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी चालवणाऱ्या मित्रासाठी ताक आणि लिंबू सरबत आम्ही विनामूल्य देतो. त्याने ते हक्काने मागावे. मद्यपान आरोग्यास अपायकारक आहे, आणि ज्यांना डॉक्टरांनी मनाई केली आहे, त्यांनाही सामना पाहण्यासाठी आमच्याकडे मनापासून स्वागत आहे.

उपांत्य आणि अंतिम सामन्यांच्या दिवशी पडद्यासमोरची टेबले राखून ठेवायची असल्यास आदल्या दिवशी दुपारपर्यंत काउंटरवर नाव नोंदवावे. हुरड्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, सामना असेल तेव्हा कोवळा हुरडा आणि शेंगा चटणी टेबलावर येते. त्याचे वेगळे पैसे घेतले जात नाहीत.