सरपंचपदाचा अर्ज: बदललेले नियम आणि आधीच जमवायचे कागद

गावात निवडणूक लागली की चर्चा पॅनेलची होते, प्रभागाची होते, चिन्हाची होते. कागद आठवतात ते अर्ज भरायच्या शेवटच्या दोन दिवसांत. गावातल्या लोकांचे अर्ज मी भरून देतो, म्हणून कळकळीने सांगतो: मतांनी जिंकलेली माणसे कागदामुळे घरी बसलेली मी पाहिली आहेत.

आधी कायदा काय बदलला ते पाहू. 2017 मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचे ठरले, 2020 मध्ये ती पद्धत रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा आली. त्यामुळे सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्याचे, हे चित्र आता नवे राहिलेले नाही. अशा गावात मासिक सभेतले साधे ठरावही अडतात. पण थेट निवडलेल्या सरपंचाला सहज हटवता येत नाही. पहिली दोन वर्षे अविश्वास ठराव आणता येत नाही. त्यानंतरही तीन चतुर्थांश सदस्यांनी तो मंजूर केला, तरी ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब व्हावे लागते. म्हणून पॅनेल बांधतानाच याचा विचार करा.

पात्रतेचे म्हणाल तर वय किमान 21 हवे आणि नाव त्याच गावाच्या मतदार यादीत हवे. 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सरपंचपदासाठी सातवी पास असणे सक्तीचे आहे. शाळा सोडल्याचा दाखला नीट वाचून घ्या. त्यावर ‘इयत्ता सातवीत शिकत होता’ एवढाच शेरा असेल तर तो पास झाल्याचा पुरावा होत नाही. शाळेतून सातवीचे गुणपत्रक किंवा उत्तीर्ण झाल्याचा दाखला आजच मागून ठेवा.

अपात्रतेची कलमे ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मध्ये आहेत. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झाले असेल तर निवडणूक लढवता येत नाही. घरपट्टी-पाणीपट्टीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरलेले हवे. एकत्र कुटुंबात एकाने थकवली तरी बाकीच्यांनाही ती भोवते. त्यामुळे थकबाकी नसल्याचा दाखला घेताना भावाच्या, वडिलांच्या नावचे बिलही तपासा. शौचालय असल्याचा आणि ते वापरत असल्याचा दाखला लागतो. सरकारी जागेवरील अतिक्रमणाबाबत तर फारच सावध राहा. अतिक्रमण वडिलांनी केलेले असले आणि तुम्ही त्याच घरात राहत असलात, तरी पद जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तसा निकाल दिला आहे. निवडून आल्यावर अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, म्हणजे छाननीत सुटलेले नंतरही निघते.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवर लढायचे तर जातीच्या दाखल्यासोबत वैधता हवी. ती नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि ठरलेल्या मुदतीत वैधता देण्याचे हमीपत्र जोडावे लागते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, 2018 च्या दुरुस्तीने ती बारा महिने झाली. पुढच्या निवडणुकांसाठी ही सवलत कशी लागू आहे ते त्या-त्या वेळच्या निवडणूक कार्यक्रमात पाहून घ्या. मुदत चुकली की निवड आपोआप रद्द होते.

समितीला तुमच्या घराण्याचे जुने पुरावे लागतात: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे. आजोबांच्या शाळेतील प्रवेश निर्गम उतारा (शाळेत दाखल झाल्याच्या-सोडल्याच्या रजिस्टरची नक्कल) किंवा कोतवाल बुकातील, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतील, जन्माची नोंद यासाठी फार मोलाची. एका ताईंसाठी आम्ही आजोबांच्या शाळेत तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या वेळी कपाटाच्या तळाशी रजिस्टर सापडले, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण जातीचा रकाना शाबूत होता. ताईंची वैधता वेळेत आली. ही शोधाशोध आरक्षणाची सोडत निघाल्यावर लगेच सुरू करा, निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका.

प्रत्यक्ष अर्जात नामनिर्देशनपत्र, मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती देणारे घोषणापत्र, अपत्यांबाबतचे प्रतिज्ञापत्र, अनामत रकमेची पावती, मतदार यादीतील नोंदीचा तपशील आणि सूचकाची सही इतके येते. निवडणूक खर्चासाठी वेगळे बँक खाते आधीच उघडा. ऑनलाइन भरलेल्या अर्जाची छापील प्रत सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे द्यायची असते. नावाचे स्पेलिंग मतदार यादी, आधार आणि जातीच्या दाखल्यावर एकसारखे आहे का, हे घरीच बघा.

आणि निकालानंतर, जिंकलात किंवा हरलात तरी, 30 दिवसांत खर्चाचा हिशोब सादर करा. तो न दिल्यास पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते. हिशोब दिला की पोच घेऊन फाइलला लावून ठेवा.