एक सुई, पाच गोधड्या

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात आत्ता पाच गोधड्या अर्धवट पडल्या आहेत. एकीचे त्रिकोण कापून झालेत, जोडायचे राहिलेत. दुसरीचा वरचा थर शिवून तयार आहे, पण मधला कापसाचा थर आणि अस्तर लावून कच्चे टाके घालायला मुहूर्त मिळालेला नाही. तिसरीवर अर्ध्याहून जास्त धावदोरा भरून झालाय. चौथीला फक्त कडेचा गोट लावायचा आहे. पाचवी म्हणजे अजून निळ्या-करड्या तुकड्यांची पिशवी आणि चौकटीच्या कागदावर काढलेली एक आकृती.

क्विल्ट शिवणारे लोक अशा कामांना ‘यूएफओ’ म्हणतात, म्हणजे ‘अनफिनिश्ड ऑब्जेक्ट’. शिवणाऱ्या कुणालाही विचारा, आकडा क्वचितच शून्य असतो. आणि आकडा सांगताना आवाज जरा खाली येतो, जणू अर्धवट काम हा स्वभावातला दोष आहे. मला ते पटत नाही. अर्धवट कामं आपल्या डोक्यात काय करतात आणि एकातून दुसऱ्यात जाताना नेमकं काय सांडतं, यावर मानसशास्त्रात जवळजवळ शंभर वर्षं प्रयोग चालू आहेत. ते समजून घेतले तेव्हा माझ्या कप्प्याकडे बघायची माझी नजर बदलली.

सुरुवात 1927 सालापासून करावी लागते. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी लोकांना वीसेक छोटी कामं दिली. मातीची आकृती करणं, मणी ओवणं, कोडी सोडवणं, गणितं करणं अशी. निम्मी कामं पूर्ण होऊ दिली आणि निम्मी मध्येच थांबवली. नंतर ‘कोणकोणती कामं केलीत?’ असं विचारलं, तर थांबवलेली कामं पूर्ण झालेल्यांच्या जवळजवळ दुप्पट आठवली. अर्धवट राहिलेलं मनात एक ताण ठेवून जातं आणि तो ताण आठवण जिवंत ठेवतो, असा त्यांचा निष्कर्ष. ‘झायगार्निक परिणाम’ हे नाव तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत रुजलं.

पुढच्याच वर्षी लेविन यांच्याच गटातल्या मारिया ओव्हसियांकिना यांनी वेगळा प्रश्न विचारला. काम मध्येच थांबवलं आणि माणसाला मोकळं सोडलं, तर तो काय करतो? कुणी सांगितलेलं नाही, बक्षीस नाही, तरी बरेच जण आपणहून त्याच कामाकडे परत गेले.

या दोन बहिणींसारख्या प्रयोगांपैकी पहिला खूप गाजला आणि दुसरा बाजूला पडला. काळाने मात्र उलटा न्याय केला. 2025 साली गिबेलिनी आणि मायर यांनी आजवरचे असे प्रयोग एकत्र करून तपासले. अर्धवट काम जास्त चांगलं लक्षात राहतं, याला भक्कम आधार सापडला नाही. अर्धवट कामाकडे परत जायची ओढ मात्र ठळकपणे दिसली. माझ्या अनुभवाशी हे अगदी जुळतं. दोन वर्षांपूर्वी थांबवलेल्या गोधडीत मी पट्टीची रुंदी किती धरली होती, हे मला अजिबात आठवत नाही. पण कप्पा उघडला की हात तिच्याकडेच जातो. म्हणजे ओढ टिकते आणि तपशील विरतात. अर्धवट गोधड्यांचं सगळं दुखणं या एका फरकात आहे, असं मला वाटतं.

आता उड्या मारण्याबद्दल. त्याच 1927 साली आर्थर जर्सिल्ड यांनी एक साधा, सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. अंकांची यादी द्यायची आणि पहिल्या संख्येत 6 मिळवा, दुसरीतून 3 वजा करा, पुन्हा 6 मिळवा, पुन्हा 3 वजा करा, असं सांगायचं. नुसती बेरीज किंवा नुसती वजाबाकी करण्यापेक्षा या आलटापालटीला बराच जास्त वेळ लागला. मग त्यांनी यादीत संख्या आणि शब्द एकाआड एक ठेवले. संख्या आली तर 3 वजा करायचे, शब्द आला तर त्याचा विरुद्धार्थी शब्द सांगायचा. इथेही आलटापालट तितकीच होती, पण तोटा जवळजवळ दिसेनासा झाला. समोरची वस्तूच सांगत होती की आता काय करायचं आहे. पहिल्या यादीत ते प्रत्येक वेळी डोक्यात धरून ठेवावं लागत होतं.

हा प्रयोग मी जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा मला माझी एक फसगत आठवते. मी एकाच वेळी दोन गोधड्यांचे चौकोन जोडत होते. दोन्ही सुती, दोन्हीत लालसर छटा. एकीचा कापलेला चौकोन साडेतीन इंचांचा, दुसरीचा चार इंचांचा. एका संध्याकाळी मी तीन ओळी चुकीच्या मापाने जोडल्या आणि दोन दिवस टीप उसवत बसले. तेव्हा मी स्वतःला वेंधळी ठरवलं होतं. खरं तर ती जर्सिल्ड यांची पहिली यादी होती: साहित्य सारखंच, हातातली क्रियाही तीच, फक्त नियम वेगळे. त्याउलट एक गोधडी हाताने धावदोरा भरायच्या टप्प्यावर आणि दुसरी यंत्रावर तुकडे जोडायच्या टप्प्यावर असेल, तर खुर्ची बदलली, हातातली वस्तू बदलली की डोकंही बदलतं. प्रयोगशाळेतले सेकंद आणि शिवणातले महिने यांत अंतर आहे, हे मान्य. तरी दोन कामं सारखी असली की ती एकमेकांत मिसळतात, हे सूत्र शिवणाच्या टेबलावर मी पुन्हा पुन्हा खरं होताना पाहिलंय. म्हणून ‘किती गोधड्या चालू आहेत?’ यापेक्षा ‘एकाच टप्प्यावर किती आहेत?’ हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी 1995 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. काम बदलणार आहे हे आधी माहीत असलं आणि तयारीला वेळ मिळाला, तर बदलाचा तोटा कमी होतो, पण पूर्ण जात नाही. नव्या कामाला प्रत्यक्ष हात घातल्यावरच मन पुरतं वळतं. नवं काम हातात घेतल्यावर पहिले चार टाके मी मोजतच नाही, ते त्यासाठीच.

दुसऱ्या बाजूने, मागचं काम पाठ सोडत नाही हेही आहेच. सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये याला ‘लक्षाचा गाळ’ म्हणता येईल अशी कल्पना मांडली. काम पुरं न करता दुसरं हाती घेतलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम पातळ होतं. यावरचा उपाय मात्र आश्चर्य वाटावं इतका छोटा आहे. 2011 मध्ये मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर यांनी दाखवलं की अपुरं उद्दिष्ट मनात घुटमळत असेल, तर ते पुरं करायची गरज नसते. ते केव्हा आणि कसं करणार याची नेमकी योजना केली तरी मन शांत होतं. लेरॉय आणि ग्लोम्ब यांनी 2018 मध्ये हेच थांबतानाच्या क्षणावर आणून ठेवलं: काम सोडताना आपण कुठे आहोत आणि परतल्यावर पहिलं काय करणार, एवढं मिनिटभरात लिहून ठेवलं तर पुढच्या कामावर लक्ष जास्त चांगलं लागतं.

माझ्या प्रत्येक गोधडीच्या पिशवीत आता एक चिठ्ठी असते. ‘निळे त्रिकोण जोडायचे’ असं लिहून भागत नाही. ‘सहाव्या ओळीचे त्रिकोण क्रमाने दोऱ्यात ओवलेत, लांब बाजू डावीकडे, यंत्राला सुई 11 नंबरची, टाका 2.5 वर, शिवण गडद कापडाकडे दाबायची’ असं लिहावं लागतं. जे विरणार आहे ते कागदावर, ओढ आपली आपण सांभाळते.

पण चिठ्ठी डोक्यासाठी झाली. कापडालाही काळ लागतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. तिरकं कापलेलं कापड ताणलं जातं, कारण उभे-आडवे धागे कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर सरकतात. त्रिकोणांच्या तिरक्या कडा महिनोन्‌महिने उघड्या राहिल्या, उचलल्या-ठेवल्या गेल्या की मापं बिघडतात. म्हणून त्रिकोण कापले की निदान जोड्या शिवूनच थांबावं. कच्चे टाके घालायच्या ऐवजी लावलेल्या पिना दमट हवेत गंजतात आणि तो डाग जात नाही. खुणेची शाई तर रसायनशास्त्राचा एक धडाच आहे. हवेने उडून जाणारी जांभळी खूण दोन-चार दिवसांत नाहीशी होते, म्हणजे आखून ठेवलेली गोधडी कोरी होऊन भेटते. पाण्याने जाणाऱ्या निळ्या खुणेवर इस्त्री फिरली तर ती कायमची बसू शकते. आणि उष्णतेने अदृश्य होणारी शाई मुळात जातच नाही. तिच्यातला रंगद्रव्याचा मेळ फक्त तुटतो. कडाक्याच्या थंडीत, शून्याच्या बऱ्याच खाली, तो पुन्हा जुळतो आणि रेघा परत उमटतात. घडीही वर्षभर एकाच जागी राहिली तर धागे तिथे दबून कमकुवत होतात. गोधडी दर काही महिन्यांनी वेगळ्या रेषेवर घडी करावी, किंवा गुंडाळी करून ठेवावी.

आता जरा कठोर गणित. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे. रांगांचा अभ्यास करताना निघालेला, पण तो गोधड्यांच्या कप्प्यालाही लागू पडतो. ठरावीक काळात बाहेर पडणाऱ्या वस्तूंच्या संख्येला एका वस्तूच्या सरासरी मुक्कामाने गुणलं, की व्यवस्थेत सरासरी किती वस्तू असतात ते मिळतं. मी वर्षाला दोन गोधड्या पुऱ्या करत असेन आणि कायम पाच हाती ठेवत असेन, तर एक गोधडी सरासरी अडीच वर्षं माझ्याकडे अडकते. हात जलद चालवला तरच किंवा हातातल्या कमी केल्या तरच हा मुक्काम घटतो. आणि पुऱ्या होतात त्याहून जास्त सुरू करत राहिले, तर कप्पा फुगतच जाणार.

आणखी एक छोटं उदाहरण. दोन गोधड्या, प्रत्येकीला 30 दिवसांचं काम. एकीमागून एक केल्या तर पहिली तिसाव्या दिवशी तयार, दुसरी साठाव्या. एक दिवस ही, एक दिवस ती असं केलं तर पहिली एकोणसाठाव्या दिवशी आणि दुसरी साठाव्या. दुसरीला काहीच फायदा नाही आणि पहिली 29 दिवस उशिरा. यात डोकं बदलण्याचा तोटा धरलेलाही नाही. हे नुसतं कागदी गणित नव्हे. मिलानच्या कामगार न्यायालयातल्या न्यायाधीशांच्या नोंदी तपासून कोव्हिएलो, इकिनो आणि पर्सिको यांनी 2014 मध्ये दाखवलं की एकाच वेळी जास्त खटले उघडणाऱ्यांकडे खटले निकाली निघायला जास्त दिवस लागतात.

मग एका वेळी एकच गोधडी हाती घ्यावी का? जिला ठरावीक दिवशी कुणाच्या हातात द्यायची आहे, तिच्यापुरतं तरी हो. बाळ जन्मायच्या आत गोधडी हवी असेल तर बाकी कप्पा बंद. एरवी मात्र मी ‘नाही’ म्हणेन, आणि त्याला कारण आहे. सिओ आणि ऑर्मेरॉड यांनी 2009 मध्ये 117 अभ्यास एकत्र तपासले. प्रश्न बाजूला ठेवून काही काळ दुसरीकडे वळल्याने उत्तर सुचायला मदत होते, विशेषतः जिथे अनेक उत्तरं शक्य असतात तिथे. रंगांची जुळणी हा नेमका तसाच प्रश्न. माझ्या पाचव्या, निळ्या-करड्या पिशवीवर तासन्‌तास बसून काही सुचलं नव्हतं. तिला पिवळ्याची एक बारीक पट्टी हवी आहे, हे मला तिसरीवर धावदोरा भरताना उमगलं. शिवाय तास-दोन तास एकच हालचाल करणाऱ्या बोटांना आणि मनगटाला कामाचा पालट हवाच असतो.

तिसरीवरून आठवलं. ती सगळ्यांत जास्त रेंगाळलेली आहे, आणि त्यालाही कारण आहे. क्लार्क हल यांनी 1934 मध्ये पाहिलं की बोळातून धावणारे उंदीर खाण्याजवळ पोचता पोचता वेग वाढवतात. माणसांचंही तसंच, शेवट दिसू लागला की हात भरभर चालतो. पण 2011 मध्ये बोनेझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की उत्साह सुरुवातीला आणि शेवटाजवळ जास्त असतो आणि मध्ये खळगा पडतो. सुरुवातीला ‘एवढं झालं’ मोजतो, शेवटी ‘एवढंच राहिलं’ मोजतो. मधोमध दोन्ही आकडे मोठे, आणि एकेक टाका त्यांच्यापुढे क्षुल्लक वाटतो. त्यावर मी आता संपूर्ण गोधडी मोजणं सोडलंय. तिचे बारा चौक पाडलेत, आणि प्रत्येक चौकाला त्याची स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट आहे. आठवा चौक मागच्या आठवड्यात भरून झाला.

या आठवड्यात त्रिकोणांची गोधडी काढली. जुन्या कामाकडे परतताना आधी एक चाचणी करते, कारण मध्यंतरी यंत्राचा पाय बदललेला असतो. तुकडे जोडताना शिवण पाव इंचाची धरतात. एका शिवणीत एक सोळांश इंच चूक झाली तर ती दिसतही नाही, पण सोळा शिवणींत ती पूर्ण एक इंच होते. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापायच्या, शेजारी शेजारी जोडायच्या, इस्त्री करायची आणि मधली पट्टी मोजायची. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. माझी एका धाग्याने रुंद भरली. सुई एक घर सरकवली, नव्या तीन पट्ट्या कापल्या, पुन्हा जोडल्या. या वेळी एक इंच. मग पिशवीतली चिठ्ठी काढून वाचली आणि सहाव्या ओळीपासून सुरुवात केली, लांब बाजू डावीकडे.